गवत कापण्याचे यंत्र अडते कोठे?

आश्विनात पावसाने उघडीप दिली की कोकणातील बागायतदारापुढे एकाच वेळी अनेक कामे येऊन उभी राहतात. हळवे भात कापणीस आलेले असते. आंब्याच्या व काजूच्या बागांत गवत कमरेइतके वाढलेले असते. ते हिरवे असतानाच कापून घेतले तर गुरांस वैरण होते. उभे वाळू दिले तर पुढील चार महिने वणव्याची धास्ती मानेवर बसते. मजूर मात्र नेमके याच पंधरवड्यात भातावर गेलेले असतात. अशा वेळी श्रावणापूर्वी कलमांची आळी साफ करून पडवीत टांगून ठेवलेला ग्रास कटर खाली उतरविला जातो. दोरी एकदा ओढली जाते, दहा वेळा ओढली जाते, खांदा भरून येईपर्यंत ओढली जाते. परंतु इंजिन काही दाद देत नाही.

यानंतर जे घडते ते बहुतेक गावांतून सारखेच असते. कोणी तरी जाणता म्हणून पुढे होतो आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू लागतो. त्यानेही काही साधत नाही, तेव्हा यंत्र तालुक्याच्या गावी नेले जाते. तेथे मेकॅनिकपुढे अगोदरच वीस यंत्रे ओळीने पडलेली असतात. आठ-दहा दिवसांनी यंत्र घरी येते तोवर गवत पिवळे पडलेले असते. खेदाची गोष्ट ही की, अशा यंत्रांपैकी पुष्कळांत काही मोडलेलेच नसते. मेकॅनिक टाकीतील जुने पेट्रोल ओतून टाकतो, प्लग पुसून किंवा बदलून बसवितो, आणि दोन-चार दोऱ्यांत इंजिन सुरू होते. हे काम घरच्या ओटीवर अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. मात्र कोणती गोष्ट अगोदर पाहावयाची व कोणती मागाहून, याचा क्रम ठाऊक असला पाहिजे.

यंत्र कोणत्या जातीचे?

बाजारात मिळणारे ग्रास कटर दोन प्रकारचे असतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला व बेअरिंगला वंगण पुरविते. फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाची जागा निराळी असते व टाकीत साधे पेट्रोल घालावयाचे असते. दोन्ही यंत्रे बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात, आणि घोटाळा येथेच होतो. शेजाऱ्याच्या फोर-स्ट्रोक यंत्रावर काम करून आलेला मजूर त्याच सवयीने टू-स्ट्रोकच्या टाकीत कोरे पेट्रोल ओततो. यंत्र सुरू होते, उत्साहाने चालते, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसतो. ही दुरुस्ती कित्येकदा यंत्राच्या निम्म्या किमतीच्या घरात जाते, आणि तीही यंत्र नवे असताना करण्याची पाळी येते.

यास्तव टाकीच्या झाकणावर रंगाने ठळक खूण करावी. मिश्र पेट्रोलाचा डबा वेगळा ठेवून त्यावर तसे लिहावे. टू-स्ट्रोकच्या तेलास निळा, हिरवा किंवा तांबडा रंग दिलेला असतो तो याच कारणासाठी. टाकीतील पेट्रोलास तो रंग दिसत नसेल तर दोरीला हात लावू नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून पेट्रोल ठेवण्याची रीत तर सर्वथा सोडावी. तहानेल्या मुलाने ती तोंडास लावल्याचे परिणाम सांगावयास नकोत.

मिश्रणाचे प्रमाण यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ते १ : ५० असेल तर एक लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल घालावे, १ : २५ असेल तर ४० मिलिलिटर. तेल अंदाजाने, बुचाच्या मापाने घालू नये. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे माप यास उत्तम. डब्यात निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात तेल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. तेल जास्त पडले तर इंजिनास चांगलेच, असा एक समज आहे. तो खरा नाही. जादा तेलाने प्लगवर व सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साठते, आणि पुढे ज्या तक्रारी येतात त्यांचे मूळ कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जुने पेट्रोल

पेट्रोलाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण अलीकडील काळात या यंत्रांच्या तक्रारींत याच कारणाचा वाटा मोठा आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते, आणि त्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली २० टक्क्यांवर आले. इथेनॉल शेतकऱ्यास परके नाही. उसाचा रस, मळी, मका व तांदूळ यांपासूनच ते तयार होते. परंतु त्याचा एक गुणधर्म ओळखून वागले पाहिजे. ते हवेतील ओलावा ओढून घेते. रोज धावणाऱ्या मोटारसायकलीच्या टाकीतील पेट्रोल आठवड्यात संपते, म्हणून तेथे हा गुणधर्म जाणवत नाही. ग्रास कटरची टाकी मात्र अर्धी भरलेली, पावसाळी दमट हवेत दोन-तीन महिने तशीच लटकत असते.

थोडे पाणी इथेनॉल पोटात सामावून घेते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून फुटतात आणि तळाशी बसतात. वर पेट्रोल, खाली पाणी व इथेनॉल, असे दोन थर होतात. टू-स्ट्रोकच्या मिश्रणातील तेल वरच्या थरात राहते. टाकीतील नळीच्या टोकास जी वजनदार गाळणी असते ती मात्र तळाशी पडलेली असते, आणि इंजिन पहिला घोट तेथूनच घेते. बहुधा त्या घोटावर इंजिन सुरूच होत नाही, आणि ते सुरू होत नाही हेच बरे; कारण चुकून चालले तर तेलावाचून चालते, व त्याचा शेवट वर सांगितलाच आहे.

याची परीक्षा सोपी आहे. टाकीतील पेट्रोल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत काढावे व सावलीत दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. ते गढूळ दिसले, तळाशी निराळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले, अथवा त्यास रोगणासारखा उग्र वास येत असला, तर ते टाकाऊ समजावे. त्यात ताजे पेट्रोल घालून ते सुधारत नाही. ते विहिरीजवळ, ओहोळात किंवा कलमाच्या बुडाशी ओतू नये व चुलीत तर मुळीच घालू नये; गॅरेजमध्ये जेथे जुने तेल गोळा करतात तेथे द्यावे. पाहून झाल्यावर बाटली रिकामी करून बाजूस ठेवावी. टाकी थोड्या ताज्या मिश्रणाने खळबळून घ्यावी व मगच नवे मिश्रण भरावे. मिश्रण एका वेळी आठ-पंधरा दिवसांच्या कामापुरतेच करावे. महिन्याहून जुने वापरू नये.

दोरी काय सांगते?

पेट्रोल चांगले असूनही इंजिन सुरू होत नसेल तर प्रथम हत्याच्या दांडीवरील बटण पाहावे. ते बंद स्थितीत राहिल्यामुळे तासभर दोरी ओढत बसल्याची उदाहरणे, ऐकावयास हसू येत असले तरी, थोडी नाहीत. त्यानंतर दोरी सावकाश ओढून हातास काय जाणवते ते पाहावे. निरोगी इंजिनाची दोरी ओढताना मध्येच एक दाब लागतो व तो ओलांडला की ती सैल येते. असा दाब मुळीच न लागता दोरी पोकळ येत असेल तर एकदा प्लग घट्ट आहे ना ते पाहावे. तो घट्ट असल्यास दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरचा होय, आणि ते काम मेकॅनिकचे. दोरी जागची हलतच नसेल तर प्लग काढून पुन्हा हळू ओढावी. आता हलली तर आत पेट्रोल साचले होते असे समजावे. तरीही न हलली तर पात्याच्या मुळाशी गवत गुंडाळले आहे काय ते पाहावे, आणि तेथेही काही नसेल तर पिस्टन आवळला असण्याचा संभव आहे. जोर लावून तो सुटत नाही. जोराने दोरी तुटते, इतकेच.

चोकच्या बाबतीत होणारी चूक वेगळी सांगावयास हवी. थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचा लहान रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबावा, चोक बंद करावा व दोरी ओढावी. दोन-तीन ओढींत इंजिन एकदा खोकल्यासारखा आवाज करून गप्प होते. तो आवाज येताच चोक उघडला पाहिजे. पुष्कळजण तो आवाज ‘आता सुरू होते आहे’ म्हणून घेतात आणि चोक तसाच बंद ठेवून आणखी जोराने ओढतात. त्यामुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते, प्लग भिजतो, आणि मग कितीही ओढले तरी ठिणगी पडत नाही. असे झाल्यास प्लग काढून पुसावा, चोक उघडा व बटण बंद ठेवून दहा-बारा वेळा दोरी ओढून आतील पेट्रोल बाहेर जाऊ द्यावे, प्लग वाळवून बसवावा व चोकशिवाय सुरू करावे. काम करता करता थांबविलेल्या गरम इंजिनास चोक लागतच नाही.

प्लगची जबानी

प्लग हा या यंत्राचा खरा साक्षीदार होय. तो काढून उजेडात धरला तर आत काय चालले आहे ते सांगतो. टोक तपकिरी, भाजलेल्या विटेसारखे असेल तर सर्व ठीक आहे. ते पेट्रोलाने ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणजे ठिणगीची चौकशी करावी. अनेकदा दोरी ओढूनही ते कोरडे ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. अशा वेळी फुगा, नळी व गाळणी पाहावी. टोकावर काळी तेलकट काजळी असेल तर तेलाचे प्रमाण जास्त आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. ते पांढरट, करपल्यासारखे दिसत असेल तर इंजिन अतिशय तापते आहे. पेट्रोल किंवा तेल कमी पडते आहे, किंवा कोठून तरी जादा हवा आत शिरते आहे. अशा यंत्राने त्या दिवशी काम करू नये.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग टोपीत परत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूस टेकवावा, बटण चालू करून दोरी ओढावी. टोपी रबराच्या भागासच धरावी. हे करण्यापूर्वी सांडलेले पेट्रोल पुसून वाळू द्यावे, टाकीचे झाकण घट्ट असावे आणि प्लगच्या भोकापासून प्लग दूर धरावा. नाहीतर आतून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेईल. निळसर, कडक ठिणगी दिसली तर ठीक. न दिसली तर नवा प्लग लावून पाहावा. प्लगच्या दोन टोकांतील फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी. नव्या प्लगनेही ठिणगी येत नसेल तर बटणाची तार दांडीस घासून उघडी पडली आहे काय ते पाहावे. हा दोष वारंवार आढळतो, व चिकटपट्टी गुंडाळून तात्पुरता भागतो. तेथेही दोष नसेल तर कॉइल मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

चालते, पण थांबते

यंत्र सुरू होते, दहा मिनिटे चालते आणि मरते. थोडा वेळ ठेवले की पुन्हा चालते. ही तक्रार अनेकांस चक्रावून टाकते व कार्बोरेटर उघडण्याचा मोह होतो. त्यापूर्वी यंत्र बंद पडताच इंजिन निवू द्यावे व टाकीचे झाकण सावकाश सैल करावे. आत हवा ओढली गेल्याचा सूं असा आवाज आला आणि नंतर यंत्र चालू लागले, तर दोष झाकणाचा. झाकणास हवा आत घेण्यासाठी एक सूक्ष्म भोक असते. ते धुळीने बुजले की पेट्रोल संपते तशी टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली येत नाही. झाकण धुऊन फुंकून साफ करावे, इतकाच यावर उपाय.

झाकण ठीक असेल तर आकड्याने नळी बाहेर ओढून टोकाची गाळणी पाहावी. ती काळवंडली असेल तर नवी बसवावी. किंमत किरकोळ असते. नळी कडक होऊन चिरली असेल तर तीही बदलावी. पडवीत उंदरांचा वावर असेल तर नळी कुरतडलेली सापडण्याचा संभव असतो.

इंजिन चालते पण जोर धरीत नाही, गवतात घातले की दबते, अशी तक्रार असेल तर प्रथम हवेची गाळणी काढावी. गवताच्या कुसळांनी व तेलाने ती चिकट झालेली असते. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी. पुस्तिकेत सांगितले असल्यास तेलाचे दोन थेंब लावून पिळून बसवावी. कागदाची असेल तर धुऊ नये, झटकावी किंवा बदलावी. त्यानंतर सायलेन्सरचे तोंड पाहावे. तेथील बारीक जाळी काजळीने बुजते, आणि न वापरलेल्या यंत्राच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घरही बांधते. धूर बाहेर पडावयास जागा नसेल तर इंजिनास जोर कोठून येणार? सिलिंडरवरील पंखांत अडकलेले गवतही ब्रशने काढावे, कारण इंजिनास थंड ठेवणारी हवा तेथूनच वाहते.

हे सर्व झाल्यावरही दोष राहिला तरच कार्बोरेटरकडे वळावे, व तेही मेकॅनिकमार्फत. त्यातील रबरी पडदा जुना झाला की कडक होतो व पेट्रोल ओढीत नाही. तो बदलता येतो. परंतु स्क्रू अंदाजाने फिरविल्यास मूळचा दोष तसाच राहून त्यात दुसऱ्याची भर पडते.

पाते, डोके व नायलॉनची दोरी

इंजिन उत्तम चालते आणि पाते फिरत नाही, अशा वेळी क्लचचे अस्तर झिजलेले असते किंवा दांडीतील गजाचे दाते सरकलेले असतात. याच्या उलट, इंजिन मंद चालत असताना पाते आपोआप फिरत राहिले तर तो दोष अधिक धोक्याचा आहे. क्लचची स्प्रिंग तुटली असेल किंवा इंजिनाचा मंद वेग वाढला असेल. असे यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोणाच्या हाती देऊ नये.

दांडीच्या टोकाचा गिअर हात न लाववेल इतका तापत असेल तर ग्रीस संपले आहे. बाजूचा लहान स्क्रू काढून तेथून ग्रीस भरावे. साधारण २५ तासांच्या कामानंतर ते पाहत जावे. पाते काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक यंत्रांत पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास सुटतो. हे ठाऊक नसल्याने लांब पाना लावून उलट आवळलेले व मोडलेले बोल्ट पुष्कळ आढळतात. हे काम करताना प्लगची टोपी काढून ठेवावी.

यंत्र हातास मुंग्या येण्याइतके थरथरत असेल तर पाते वाकले आहे किंवा त्याचे दाते कमी-अधिक घासले गेले आहेत. प्रत्येक दात्यास कानशीचे सारखेच हात द्यावेत. चीर गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. फिरताना सुटलेला तुकडा पंधरा मीटरवरील माणसासही इजा करू शकतो. जांभा दगड गवतात लपलेला असतो अशा ठिकाणी पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावणे बरे. दोरी सारखी तुटत असेल तर ती वाळून ठिसूळ झाली असावी. रीळ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवले तर नायलॉन पाणी शोषून पुन्हा लवचिक होते. डोळ्यांवर चष्मा व पायांत जाड बूट यांवाचून मात्र दोरीचे यंत्रही चालवू नये.

ठेवणीत टाकताना

काम संपले व पुन्हा पंधरा-वीस दिवस यंत्र लागणार नाही असे दिसले की टाकी रिकामी करावी. मग फुगा दाबून आतील थेंब टाकीत आणून तेही काढावेत, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. अशा रीतीने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही व वाळून त्याचा चिकट थर बसत नाही. टू-स्ट्रोक असेल तर प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब टाकून दोरी दोनदा हळू ओढावी. सायलेन्सरच्या तोंडास फडके बांधावे, आणि ते काढावयाचे विसरू नये म्हणून त्याचे दुसरे टोक दोरीच्या मुठीस बांधून ठेवावे. फोर-स्ट्रोक यंत्र उलटे टांगू नये. तेल सिलिंडरमध्ये उतरते, आणि पुढील हंगामात पांढरा धूर पाहून मालक घाबरतो.

मेकॅनिककडे जावेच लागले तर टाकीतील पेट्रोलाचा थोडा नमुना घट्ट झाकणाच्या डब्यातून, आणि काढलेला प्लग न पुसता, कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. यंत्र थंड असताना अडते की गरम झाल्यावर, दाब लागतो की नाही, ठिणगी दिसली की नाही, एवढे सांगता आले तर त्याचा शोधाशोधीचा वेळ वाचतो, आणि वीस यंत्रांच्या ओळीतून आपले यंत्र बहुधा त्याच दिवशी परत मिळते.